पोक आलेल्या पाठीचा शर्ट

माझे सासरे कोल्हापूरच्या गुजरीतले, म्हणजे सराफपेठेतले, सोनार. घरात आम्ही त्यांना मामा म्हणतो. उभं आयुष्य कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला पानांचा दागिना, घडवण्यात गेलं. समोर बुटकी लाकडी पेटी, मान खाली, नजर चिमट्याच्या टोकावर. अशा बैठकीत वर्षानुवर्षं काम केलं की खांदे पुढे येतात, मानेखाली पाठ गोल होते आणि छाती आत जाते. मामांच्या पाठीला असा पोक आहे. आता दुकानात जाणं कमी झालंय, पण अंगाने धरलेला आकार काही सुटत नाही.

तयार शर्ट सरळ पाठीच्या माणसासाठी बेतलेला असतो. मामांच्या अंगावर तो मागून वर उचलला जायचा, पुढून लोंबायचा, कॉलर मानेपासून सुटून मागे पडायची. गळ्याखालच्या बटणापासून काखेकडे तिरक्या चुण्या जायच्या त्या वेगळ्याच. एक नंबर मोठा घेतला तर ह्या चुण्या तशाच राहून वर खांद्याची शिवण दंडावर उतरायची. शिंप्याकडे शिवूनही फार फरक पडला नाही, कारण छाती, खांदा, उंची, बाही, गळा एवढी मापं लिहून घेतली की माप संपलं. पाठीच्या गोलाईचं माप कुणी घेतलं नाही. मामा काही बोलायचे नाहीत. फक्त बसल्या जागी दर थोड्या वेळाने मागचा शर्ट खाली ओढायचे. ते बघून मला राहवत नव्हतं.

ब्लाऊज, परकर, मुलांचे कपडे मी पूर्वीपासून शिवते. घरी पायाचं मशीन आहे, सरळ टीप मारणारं. तरी पुरुषाचा शर्ट हे वेगळं काम आहे. त्यात स्टँडवाली, म्हणजे गळ्याभोवतीच्या उभ्या पट्टीवर बसलेली, कॉलर आहे, कफ आहेत, बाहीच्या फटीवरची पट्टी आहे, आणि आतून-बाहेरून सगळ्या शिवणी झाकलेल्या हव्यात. त्यामुळे अंदाजाने बेतण्याऐवजी कागदी पॅटर्न घ्यायचा आणि त्याच्यावरच मामांच्या पाठीची दुरुस्ती करायची, असं ठरवलं. आता शिवून झाल्यावर मी खात्रीने सांगते, शर्ट अंगावर बसणार की नाही हे कापडाला कात्री लागायच्या आधी ठरलेलं असतं. शिलाई सुबक झाली तर शर्ट सुबक दिसेल. बसेल मात्र फर्म्यामुळेच, म्हणजे ज्यावरून कापड कापतो त्या कागदी साच्यामुळे.

वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली सुरुवात केली, आणि त्यांचे पहिले पॅटर्न पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचेच होते. तेव्हापासून पॅटर्नची रीत तीच आहे. एक ठराविक बांधा धरायचा आणि तो लहान-मोठा करत सगळी मापं काढायची. छाती ३८ असो की ४४, खांदे आणि पाठ त्याच घडणीची धरलेली. म्हणून पॅटर्न हातात आला की त्याला सुरुवात समजायचं आणि त्याच्यावर पेन्सिल चालवायला कचरायचं नाही.

माझा पॅटर्न संगणकावर घ्यायचा होता. घरच्या प्रिंटरवर छोट्या कागदांचे तुकडे काढून चिकटवत बसण्यापेक्षा, इमारतींचे नकाशे छापून देणाऱ्या दुकानातून मी तो ए-झीरो आकाराच्या मोठ्या कागदावर काढून आणला. अशा पॅटर्नवर एका कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो. छापून झाल्यावर दुकानातच पट्टी लावून तो मोजायचा. कागदात बसवण्यासाठी मशीनने आकृती शंभराला तीन एवढी जरी आक्रसली, तरी ४४ इंचांच्या घेरात सव्वा इंचाहून जास्त कमी होतं, आणि डोळ्याला ते अजिबात कळत नाही.

मग माप. सुनेने सासऱ्यांच्या अंगाला टेप लावायचा हे आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून टेप नवऱ्याच्या हातात आणि वही माझ्या. माप घ्यायचं म्हटलं की माणूस ताठ उभा राहतो. मामाही राहिले. ते माप घेऊन उपयोगच नव्हता, कारण शर्ट घालून ते दिवसभर काही ताठ राहणार नाहीत. म्हणून मी त्यांच्या हातात ‘पुढारी’ पेपर दिला. वाचायला लागल्यावर दोन मिनिटांत पाठ आपल्या मूळ बाकावर आली. मग नवऱ्याने कमरेला नाडा बांधला आणि मानेच्या मागच्या वर आलेल्या मणक्यापासून नाड्यापर्यंत टेप लावला. सव्वा अठरा इंच. त्याच मापाच्या पॅटर्नमध्ये हे अंतर साडेसतरा होतं. पुढून, मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून नाड्यापर्यंत साडेसोळा, पॅटर्नमध्ये सतरा. म्हणजे मागे पाऊण इंच कमी पडत होतं आणि पुढे अर्धा इंच जास्त होत होतं. इतके दिवस जे नुसतं डोळ्यांना खुपत होतं, ते वहीत आकड्यांत आलं.

छाती ३८ भरली. पॅटर्नचा तयार घेर ४४, म्हणजे सहा इंच मोकळीक. मामांचा सगळ्यात आवडता जुना शर्ट फरशीवर पसरून मोजला तर त्याचा घेर ४३ होता. एका इंचाने काही बिघडत नाही म्हणून घेर तसाच ठेवला. अंगावरच्या मापाबरोबर आवडता शर्ट मोजून बघावा. त्या माणसाला किती सैल आवडतं हे तिथे कळतं.

पाठीची दुरुस्ती करायला शर्टाइतका सोयीचा दुसरा कपडा नाही, कारण त्याला योक असतो. खांद्यावरून मागे येणारी ती आडवी दुहेरी पट्टी जिथे पाठीच्या कापडाला जोडली जाते, ती शिवण बरोबर पोकाच्या जवळून जाते. वाढवायचं ते त्या शिवणीत वाढवायचं. पाठीच्या तुकड्याचा वरचा काठ पॅटर्नमध्ये जवळपास सरळ होता. मी मध्यभागी तो पाऊण इंच वर उचलला आणि तिथून मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापाकडे, जाताना गोल रेषेत शून्यावर आणला. योकचा खालचा काठ सरळच ठेवला. सरळ काठाला गोल काठ जोडला की कापडाला त्या जागी खोलवा येतो आणि पोक त्यात सामावतो. शिवाय पाठीची मधली रेघ सरळच राहते, त्यामुळे रेघारेघांचं कापड घेतलं तरी रेघा वाकड्या होत नाहीत. मुंढा मात्र जराही वाढवायचा नाही. पोक मध्ये आहे, काखेत नाही.

दुसरी दुरुस्ती खांद्याची. पुढे आलेल्या खांद्यावर शर्टाची शिवण मागे ओढली जाते. योकचा पुढचा काठ अर्धा इंच वाढवला आणि पुढच्या भागाच्या खांद्यावरून तेवढाच अर्धा इंच काढून टाकला. एका तुकड्यातून काढलं ते दुसऱ्यात गेलं, एकूण लांबी तीच. फक्त शिवण पुढे सरकली. हे केलं की बाहीच्या टोपीवरची, म्हणजे वरच्या गोल भागावरची, मधली खूणही अर्धा इंच पुढे घ्यावी लागते. ती तशीच राहिली तर खांदा नीट बसूनही बाहीला मागच्या बाजूने पीळ पडतो.

पुढच्या भागात जास्तीचा अर्धा इंच होता, तो छातीवर आडवी घडी घालून काढला. मध्ये अर्धा इंच, मुंढ्यापाशी शून्य. त्याने बटणपट्टीची रेघ किंचित मोडते, म्हणून पट्टी लावून ती पुन्हा सरळ आखली. शेवटी गळा मोजला. गळ्याची लांबी नेहमी शिलाईच्या रेषेवर मोजायची. कापाची कड आतल्या बाजूला असते आणि ती तोकडी भरते. शिलाईच्या रेषेवरचा गळा आणि कॉलरच्या स्टँडची लांबी जुळली, तेव्हाच मी कागद बाजूला ठेवला.

नेमक्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा शर्ट केला. कॉलर नाही, खिसा नाही, कफ नाहीत. नुसते पुढचे भाग, पाठ, योक, बाह्या आणि गळ्याला स्टँडची पट्टी. मशीनवर मोठ्यात मोठा टाका ठेवून टिपा मारल्या, म्हणजे उसवायला सोपं. पुढून बटणांच्या जागी टाचण्या.

मामांनी तो घातला आणि पहिल्यांदा स्टँड मानेला मागून लागला. मी फरशीपासून खालचा काठ पट्टीने मोजला, पुढून आणि मागून. दोन्ही सारखे. काखेकडे जाणाऱ्या चुण्या नव्हत्या. मग मी त्यांना म्हटलं, “मामा, पेटीपुढं बसता तसं बसा की.” ते पाटावर बसले, दोन्ही हात पुढे घेतले, मान खाली. तेव्हा पाठीत आडवा ताण आला. उभ्याने नीट बसलेला कपडा बसल्यावर आवळतो, हे तिथेच दिसलं. पॅटर्नमध्ये पाठीला मधोमध एक चूण, म्हणजे मुद्दाम घातलेली घडी, होती. ती काढून मी दोन चुणा केल्या, प्रत्येकी पाऊण इंचाच्या, दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, बरोबर वर. हात पुढे गेला की फरा सरकतो आणि तिथेच कापड सुटं व्हायला लागतं. मधली चूण दिसायला छान, पण ज्याला वाकून काम करायचं त्याला बाजूच्या दोन चुणाच हव्यात.

कच्चा शर्ट उसवून त्याचे तुकडे इस्त्री केले आणि त्यावरून जाड खाकी कागदावर पक्का फर्मा उतरवला. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची रेघ, खुणा आणि शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं कापड, किती ते लिहिलं. बाजूच्या शिवणींना पाच अष्टमांश इंच, गळ्याला आणि कॉलरला पाव इंच. गळ्याला जास्त माया ठेवली तर गोलाईत ती आवळते आणि कॉलर उभी राहत नाही.

कापडाच्या बाबतीत कोल्हापूरकर सुदैवी आहेत. एका बाजूला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या बाजूला इचलकरंजी. तिथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालू केला आणि पुढे अख्खं गाव मागांवर उभं राहिलं. पॉपलिन आणि केंब्रिक आपल्याला लांबून आणावं लागत नाही. मी गांधीनगरातून सुती पॉपलिन घेतलं, पांढऱ्यावर बारीक निळी उभी रेघ. मामांना भडक चालत नाही. आणि मला रेघ हवी होती, कारण उभा धागा कुठे चाललाय हे ती प्रत्येक पायरीला दाखवते. पन्हा ५८ इंच. एवढ्या पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर कापड लागतं. मी पावणेदोन मीटर घेतलं, आटणं आणि रेघा जुळवणं दोन्ही धरून.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि लांबीत जास्त आटतं. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून न पिळता वाळवलं. बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायचं कापड, तेही वेगळं भिजवलं. हे बहुतेकजण विसरतात. कॉलरच्या वरचं कापड आधीच आटलेलं आणि आतलं बकरम नंतर आटलं, तर पहिल्याच धुण्यानंतर कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. पावसाळ्याचे दिवस होते, कापड घरात पंख्याखाली वाळत घातलं. किंचित दमट असतानाच खळ लावून इस्त्री केली. खळ लावलेलं पॉपलिन कागदासारखं वागतं. कापताना सरकत नाही आणि कडा दुमडल्या जागी राहते.

बेतायला शहाबादी फरशीसारखी जागा नाही. कापड काठाला काठ लावून दुमडलं, रेघेवर रेघ आणली आणि फर्मा ठेवून त्यावर मामांची जुनी पितळी वजनं मांडली. टाचण्या लावल्या की कापड उचललं जातं. वजनांनी ते पडून राहतं. योक मात्र आडवा बेतला, म्हणजे उभा धागा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाईल असा. उभा धागा कमी ताणतो आणि शर्टाचा सगळा भार योकवर असतो. रेघारेघांच्या चांगल्या शर्टात पाठीवर उभ्या आणि योकवर आडव्या रेघा दिसतात, त्या ह्यासाठी. मामा खुर्चीवर बसून बघत होते. मी कात्री उचलली तेव्हा म्हणाले, “आमच्यात चुकलं तर वितळवून परत करता येतंय. तुझ्यात तसं न्हाई, सावकाश काप.”

शिवायला ११ नंबरची सुई आणि इंचाला बारा टाके. सुरुवात खिशापासून केली, कारण पुढचा भाग सुटा आणि सपाट असतानाच खिसा नीट बसतो. मामांच्या चष्म्याचं घर मावावं म्हणून खिसा एक इंच खोल केला आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी टीप मारली. खिशाची रेघ शर्टाच्या रेघेवर अशी बसवली की दोन हात लांबून खिसा दिसू नये.

योक जोडायची एक सुंदर पद्धत आहे. पाठीचा वरचा काठ दोन योकांच्या मध्ये ठेवून एक टीप मारायची. मग पुढचे भाग बाहेरच्या योकला खांद्यावर जोडायचे. आता सगळा शर्ट गुंडाळून त्याची वळकटी करायची, आतला योक त्या वळकटीवरून फिरवून खांद्याच्या शिवणीवर आणायचा, टीप मारायची आणि गळ्याच्या तोंडातून अख्खी वळकटी बाहेर ओढायची. सगळ्या कडा आत जातात, हातशिलाईचा एक टाका लागत नाही. गोल काठ सरळ योकला लावताना मध्यापासून दोन्हीकडे टाचण्या लावत गेले आणि गोल काठ खाली, मशीनच्या दातांकडे ठेवला. दात खालचं कापड थोडं जास्त ओढतात, त्यामुळे त्यातली किंचित जास्तीची लांबी आपसूक सामावून जाते.

कॉलरवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. बकरमाचे दोन प्रकार मिळतात. एक इस्त्रीने चिकटणारं, दुसरं साधं सुती. मी साधं घेतलं. चिकटणारं झटपट होतं, पण आपल्याकडे कपडे दगडावर आपटून किंवा ब्रशने घासून धुतले जातात, त्यात चिकटलेला थर कालांतराने सुटतो. सुती बकरम कॉलरच्या वरच्या तुकड्याला धावदोऱ्याने पकडून ठेवलं. खालचा तुकडा वरच्यापेक्षा तीन बाजूंनी सूतभर लहान कापला. कॉलर दुमडून खाली पडते तेव्हा वरच्या कापडाला जास्त प्रवास करायचा असतो. दोन्ही तुकडे सारखे असले तर टोकं वर वळतात. खालचा लहान असला तर ती आत, छातीकडे झुकतात.

टोकाला आल्यावर पाय उचलून मशीनचं चाक हाताने फिरवायचं. थेट कोनात वळायचं नाही. टोकावर एक टाका तिरका घालायचा आणि मग दुसऱ्या बाजूला वळायचं. त्या एका टाक्यामुळे आतल्या मायेला वळायला जागा मिळते आणि टोक धारदार निघतं. त्या टाक्यात मी एक दुहेरी दोरा अडकवून ठेवला होता, त्याचं एक बोटभर टोक आत आणि एक बाहेर. माया अष्टमांश इंचापर्यंत कापली, टोकाशी अजून बारीक केली, कॉलर सुलटी केली आणि तो दोरा हळूच ओढला. टोक आपोआप बाहेर आलं. सुईने किंवा कात्रीने टोकरून काढलेल्या टोकाचे धागे विस्कटतात, आणि तिथूनच काही महिन्यांनी कॉलर फाटते. दोरा काढून घेतला आणि कडेपासून पाव इंचावर दाबटीप मारली.

स्टँड जोडताना कॉलर तळहातावर गोल धरायची, मानेवर असते तशी, आणि तशाच स्थितीत टाचण्या लावायच्या. सपाट ठेवून जोडलेली कॉलर मानेवर गेल्यावर आतून सुरकुतते. स्टँड गळ्याला लावताना गळ्याच्या मायेत पाव पाव इंचावर लहान काप दिले, शिलाईच्या रेषेच्या अलीकडेच थांबणारे. स्टँडची दोन्ही टोकं बटणपट्टीच्या काठाशी अगदी जुळली पाहिजेत. एक सूत इकडे-तिकडे झालं तरी बटण लावल्यावर गळ्याशी पायरी दिसते. तिथे मी आधी हाताने कच्चा टाका घालून बघितला आणि मगच टीप मारली.

बाही सपाट असतानाच मुंढ्याला लावली. ब्लाऊजसारखी बाही आधी गोल शिवून मग बसवायची पद्धत शर्टाला नको. शर्टाच्या बाहीची टोपी बुटकी असते, त्यामुळे हात मोकळा वर जातो. पुढे घेतलेली खूण योकच्या शिवणीशी जुळवली. मग काखेतून एकच सलग शिवण, बाहीच्या टोकापासून शर्टाच्या काठापर्यंत. ह्या शिवणीची एक माया अष्टमांश इंच ठेवून कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून चपटी बसवायची आणि दुसरी टीप मारायची. मशीनने कडेवर दोरा गुंफून इंटरलॉक केलं असतं तर पटकन झालं असतं, पण अंगाला लागणारा दोरा मामांना टोचतो. बाहीच्या बोगद्यात ही दुसरी टीप घालणं हे ह्या शर्टातलं सगळ्यात किचकट काम. एका वेळी दोन-तीन इंच, मग कापड पुन्हा सारखं करायचं, मग पुढचे दोन-तीन इंच. पायाचं मशीन इथे फार चांगलं, हवं तितकंच चालतं आणि हवं तिथे थांबतं.

कफांच्या फटीवरची पट्टी बहुतेक शर्टांत नुसती दिसण्यापुरती चांगली असते, आतून दोरे लोंबत असतात. मामा बाही कायम दोनदा दुमडून घालतात, म्हणजे त्यांच्या शर्टात आतली बाजूच बाहेर दिसते. म्हणून पट्टीच्या कडा आतूनही दुमडून घेतल्या आणि त्यात एक लहान बटण ठेवलं, म्हणजे दुमडलेल्या बाहीला फट पडत नाही. कफ कॉलरसारखेच. खालचा काठ गोल आहे, तो पाव इंचाची दुमड दोनदा घालून शिवला. गोलाईवर आधी धावदोरा घालून थोडा ओढून घेतला की दुमड सपाट बसते.

माझ्या मशीनवर काजं होत नाहीत. महाद्वार रोडच्या बाजूला काज-बटण करून देणारे आहेत, त्यांच्याकडे दिला. पण काजं कुठे हवीत ते घरीच खडूने आखून, शर्ट मामांच्या अंगावर बघून ठरवलं. स्टँडवरचं काज आडवं, बाकीची उभी. एक काज छातीच्या बरोबर रेषेवर घेतलं आणि तिथून वर-खाली सव्वातीन इंचांचं अंतर धरलं. वरून मोजत आलं तर छातीशी जिथे ताण येतो तिथे बटणच नसतं आणि पट्टी उघडते. बटणं मी हाताने लावली, खाली एक काडी ठेवून, म्हणजे दोऱ्याला थोडी मान मिळते आणि बटणपट्टी आवळत नाही.

शर्ट झाल्यावर मामांनी तो लगेच घातला नाही. उजेडाला खिडकीशी गेले, डोळ्याला भिंग लावलं, तेच, ज्यातून ते साजाची पानं बघतात, आणि कॉलरचं टोक बघितलं. मग दुसरं टोक. दोन्ही एकावर एक धरून बघितली. मग उलटा करून बाहीच्या आतली शिवण. आयुष्यभर सूताच्याही खालच्या मापात काम केलेल्या माणसाची नजर होती ती, आणि माझ्या छातीत धडधडत होतं. “टीप कुठं हाललेली नाही,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मोठं आहे.

मग घातला. कॉलर मानेला धरून, काठ पुढे-मागे एका रेषेत, योकवरच्या आडव्या रेघा पाठीच्या गोलाईवरून सरळ गेलेल्या. संध्याकाळी त्याच शर्टात गुजरीत जाऊन आले. पाटावर बसून कुणाच्या तरी साजाचं पान बसवून दिलं. घरी आल्यावर मी आधी मागचा काठ बघितला. तो वर चढलेला नव्हता.

धुतल्यावर पुन्हा मोजला, कुठेही आटला नव्हता. एक गोष्ट बदलायची आहे. मामांची मान आखूड आहे आणि वाकलेली असल्याने मागे आणखी आखूड वाटते. स्टँड मागून सव्वा इंच आहे, तो त्यांना दुपारच्या उकाड्यात टोचतो. पुढच्या शर्टाला मागे पाव इंच कमी आणि पुढे आहे तेवढाच ठेवणार आहे. तशी खूण फर्म्यावर लाल पेन्सिलने केली आहे. त्याला कापड केंब्रिक आणि अर्धी बाही. दिवाळीच्या आधी दोन करायचे आहेत, दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा. त्यांनीही तेच काम केलं, तशीच पाठ आहे, फक्त छाती ४० आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. त्याचं माप रविवारी घ्यायचंय. हातात पेपर देऊनच.